मणक्यात स्क्रू असताना एमआरआय

प्रश्न : कमरेच्या मणक्याची गादी सरकल्याने माझ्या वडिलांची (वय ५८) मागील वर्षी शस्त्रक्रिया झाली व टायटॅनियमचे स्क्रू बसवले. आता डाव्या पायात पुन्हा कळ मारते. लातूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून कॉन्ट्रास्ट एमआरआय लिहून दिला आहे. गावातील लोक मात्र म्हणतात की, यंत्राचे चुंबक स्क्रू ओढून घेईल. सीटी स्कॅनवर भागणार नाही का?
— एक वाचक, ता. केज, जि. बीड

उत्तर : स्क्रूची भीती आपण मनातून काढून टाकावी. टायटॅनियम लोखंडासारखे चुंबकाकडे खेचले जात नाही. पेसमेकर असल्यास मात्र तो आधी सांगणे अत्यावश्यक आहे. स्क्रूभोवतीचे चित्र वेडेवाकडे होते. त्यामुळे अशा रुग्णासाठी ३ टेस्लापेक्षा (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजण्याचे एकक) १.५ टेस्लाचे यंत्र बहुधा बरे पडते.

स्क्रू जागेवर आहे का, सैल झाला आहे का, हाड जुळले का, हे सीटी स्कॅनमध्ये उत्तम दिसते. आपल्या वडिलांचा प्रश्न वेगळा आहे. पायाकडे जाणारी नस पुन्हा बाहेर आलेल्या गादीने दबली आहे की शस्त्रक्रियेच्या जागी धरलेल्या व्रणाने (जखम भरताना आत तयार झालेल्या घट्ट ऊतीने) वेढली आहे, हे ठरवायचे आहे, आणि साध्या एमआरआयमध्ये ही दोन्ही पुष्कळदा सारखीच दिसतात. हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम (कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात फरक उठून दिसावा म्हणून द्यायचे औषध) दिल्यावर रक्तवाहिन्या असलेला व्रण काही मिनिटांतच सबंध उजळतो, तर रक्तपुरवठा नसलेल्या गादीची फक्त कड उजळते आणि गाभा काळाच राहतो. हा फरक मोलाचा आहे, कारण गादी पुन्हा काढता येते. व्रणासाठी केलेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेने मात्र क्वचितच आराम पडतो. व्रण दिसला म्हणजे दुखणे त्याचेच, असेही नाही. काहीही त्रास नसलेल्या अनेक रुग्णांतही तो आढळतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांत सूज व साकळलेले रक्त यांमुळे चित्र फसवे असते. आपल्या बाबतीत तो काळ केव्हाच सरला आहे. तपासणीआधी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट काम करतात का, हे दाखवणारी चाचणी) पाहून घ्यावे, विशेषतः मधुमेह असल्यास. शस्त्रक्रियेपूर्वीच्या फिल्म आणि डिस्चार्ज कार्ड घरी ठेवून जाऊ नये, कारण जुने चित्र शेजारी असल्याशिवाय अहवाल देणाऱ्यालाही नवे काय ते नीट सांगता येत नाही.

लघवी अडली, बैठकीचा भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलता येईनासे झाले, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात वडिलांना न्यावे.