रंगीत धागा जातो कुठे?

प्रिय मुली,

बॉबिन लेसच्या फुलात पाकळ्या लाल आणि पानं हिरवी करायला बसलीस आणि मधे सगळं मातकट तपकिरी झालं, असं तू लिहिलंस. फोटो मोठा करून नीट पाहिला. धागे छान आहेत, ताणही सारखा आहे. रंगांची निवड चुकलेली नाही, टाका चुकलाय. लाल आणि हिरवं जिथे भेटतात तो अख्खा भाग तू हाफ स्टिचने भरलायस.

तुझा हात भरतकामाचा आहे. तिथे रंग हवा तिथे घालता येतो, नको तिथे धागा कापता येतो. बॉबिन लेस म्हणजे बॉबिनवर गुंडाळलेले धागे उशीवर टाचण्यांच्या आधाराने एकमेकांत गुंफणं. तिथे उशीच्या वरच्या टोकाला लावलेला धागा खालपर्यंत चालतच राहतो, आणि तो कुठून कसा जाईल हे टाका ठरवतो.

आज एवढंच कर. दोन-दोन धाग्यांच्या दोनच जोड्या घे, डावीकडे लाल, उजवीकडे पांढरी. क्रॉस म्हणजे मधल्या दोन धाग्यांत डावा उजव्यावरून, ट्विस्ट म्हणजे प्रत्येक जोडीत उजवा डाव्यावरून. क्रॉस, ट्विस्ट, क्रॉस. हा क्लॉथ स्टिच. लाल जोडी अख्खीच्या अख्खी उजवीकडे गेली, पांढरी डावीकडे आली. आता सोडव आणि फक्त क्रॉस, ट्विस्ट कर. हा हाफ स्टिच. तुझ्या दोन्ही हातांत एक लाल, एक पांढरा धागा आलाय. जोडी फुटली. हाफ स्टिच पुढे जातो तसतसे हे धागे तिरके सगळीकडे पांगतात. जवळच्या छटा असतील तर ते फार सुंदर दिसतं, निळ्यात जांभळा विरतो तसं. लाल-हिरव्यात मात्र चिखल होतो.

क्लॉथ स्टिचचा भाग म्हणजे विणलेलं कापडच: उभ्या जोड्या आणि त्यांतून आडवी फिरणारी एक जोडी. उभ्या निळ्या आणि फिरती पिवळी असेल तर लांबून हिरवट दिसेल, जवळून धूपछाव. मधेच रंग बदलायचा असेल तर काठाच्या टाचणीपाशी फिरत्या जोडीला उभं कर आणि कडेच्या उभ्या जोडीला फिरायला लाव. धागा कापावा लागत नाही. जुना रंग कडेला बारीक रेघेसारखा उतरत राहतो, तो धरूनच आखणी कर.

टॉर्शन या साध्या भौमितिक लेसच्या जाळीत हाफ स्टिच, टाचणी, हाफ स्टिच असं केलं की फुटलेली जोडी पुन्हा जुळते आणि रंग तिरका सरळ जातो. काठाशी मात्र सांभाळ. तिथल्या क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस-ट्विस्टमध्ये रंगीत जोडी बाहेर राहते आणि बाहेरची पांढरी आत येते. रेघ तुटली म्हणून मी पूर्वी कितीदा उसवलंय! टाचणीनंतर तोच टाका पुन्हा घेतलास की रंगीत जोडी आत परतते.

म्हणून बॉबिन भरण्याआधी नमुन्याची मोठी प्रत काढ आणि रंगीत पेन्सिलीने प्रत्येक जोडीची वाट वरून खालपर्यंत ओढ. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळू नकोस. धागेही तपासून घे. ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेव. माझ्या एका किरमिजी धाग्याने पहिल्याच धुण्यात महिन्याभराच्या कामावर गुलाबी डाग पाडले. तेव्हापासून गडद लाल मी तपासल्याशिवाय उशीवर घेत नाही.

खरी लेस पांढरीच, असं तुला कुणीतरी म्हणालं ना? १५५७ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या 'ले पोम्पे' या नमुन्यांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच सोनं, रेशीम आणि सुताची नावं आहेत. पुढे लिननचं राज्य आलं. लिनन उन्हात शुभ्र होतं, उकळलं तरी टिकतं, रंग मात्र सहज धरत नाही, म्हणून पांढरं रुजलं. तरी रशियातल्या मिखाइलोव्हची लेस लाल-निळ्या जाड धाग्यांचीच, आणि स्लोव्हाकियाची लोकलेसही रंगीत. तू बिनधास्त रंग वापर.

ते फूल पुन्हा कर. या वेळी पाकळ्या आणि पानं पांढरीच ठेव, आणि पानाभोवती फक्त एक हिरवा गिंप फिरव. तो जाड धागा प्रत्येक जोडीच्या दोन धाग्यांमधून जातो, त्याच्या आधी आणि नंतर ट्विस्ट दिला की जागेवर बसतो आणि कुणात मिसळत नाही. झालं की उशीवरून काढण्याआधी फोटो पाठव, टाचण्यांसकट.

तुझी,
मावशी