कमिशनवर काम करता म्हणून कायदा तुम्हाला परका नाही

प्रश्न : मी एका ब्रोकर फर्मसाठी कमिशनवर फ्लॅट दाखवण्याचे काम करते. आम्ही 14 जण आहोत. 9 दिवसांपूर्वी संध्याकाळी रिकामा फ्लॅट दाखवताना ग्राहकाने आतून कडी लावली आणि दारात उभे राहून माझा हात धरला. मी त्याला ढकलून बाहेर पडले, त्यात त्याचा मोबाईल फुटला. आता तो भरपाई मागतो, पोलिसांत जाण्याची धमकी देतो आणि रोज मेसेज पाठवतो. मालक म्हणतात, तुम्ही पगारी नाही, तुमचे तुम्ही निस्तरा.

उत्तर : तक्रारीचा मसुदा उद्या केला तरी चालेल, पण सोसायटीला पत्र आजच द्या. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून घटनेची तारीख आणि वेळ लिहून ते जपून ठेवण्याची लेखी विनंती सचिवांना करा व पोच घ्या. वॉचमनकडच्या रजिस्टरमधील त्या दिवसाच्या पानाचाही फोटो काढून ठेवा. त्याचे मेसेज पुसू नका आणि तूर्त मोबाईल बदलू नका, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ उपकरण हाताशी असलेले बरे.

ढकलल्याबद्दल घाबरण्याचे कारण मला दिसत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 नुसार स्वसंरक्षणाच्या हक्काचा वापर करताना केलेली कृती गुन्हा ठरत नाही. अट एवढीच, की बचावासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरलेले असावे. कडी लावून वाट अडवणाऱ्याला बाजूला सारणे ही मर्यादा ओलांडत नाही. भरपाईबद्दल त्याच्याशी बोलणी करू नका, कारण पैसे दिलेत तर पुढे तीच तुमची कबुली म्हणून दाखवली जाईल. उलट त्याच्या कृत्यांत कलम 127 खालील अवैध बंदिवास आणि कलम 74 खालील विनयभंग हे दोन्ही दिसतात. किती मिनिटे कोंडले याची किमान मर्यादा कायद्यात नाही. ‘माझ्याशी संपर्क करू नका’ असा एकच स्पष्ट मेसेज पाठवा. त्यानंतरही तो जवळीक साधण्यासाठी वारंवार संपर्क करत राहिला, तर कलम 78 खाली पाठलागाचा गुन्हाही पुढे येतो.

घटना ज्या हद्दीत घडली तेथीलच पोलीस ठाणे गाठले पाहिजे असे नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते, विनयभंगासारख्या गुन्ह्यात ती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. नोंद घेण्यास नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी जा, तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे.

आता मालकांविषयी, आणि येथे मला थोडे कठोर बोलावे लागेल. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या अधिनियमात कर्मचारी या शब्दाची व्याख्या पगारपत्रकापुरती नाही. तात्पुरते, कंत्राटी, मोबदल्यासह किंवा मोबदल्याविना काम करणारेही तीत येतात, आणि कामानिमित्त जावे लागलेली जागाही कामाचे ठिकाण ठरते. कलम 19 नुसार तेथे संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासून सुरक्षितता देणे आणि तुम्हाला हवे असल्यास पोलीस तक्रारीसाठी साहाय्य करणे हे मालकाचे कर्तव्य आहे. 10 किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती बंधनकारक आहे; ती नेमली नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. समितीकडे तक्रार घटनेपासून 3 महिन्यांत करायची असते. ग्राहकावर समितीचा फारसा वचक चालणार नाही, हे खरे. पण मालकांचे ‘निस्तरा’ हे उत्तर लेखी घेता आले तर पुढे उपयोगी पडेल.

यापुढे कोणताही ग्राहक नाकारण्याची मुभा तुम्हाला आहे. ओळखपत्र आधी मागा, वेळ दिवसाची ठरवा, जागेचे लोकेशन सहकाऱ्याला पाठवा, खोल्यांत ग्राहकाला पुढे जाऊ द्या आणि स्वतः दाराच्या बाजूला राहा. मुख्य दार सताड उघडे ठेवा, आणि कुलूप-किल्ली कधीही त्याच्या हाती देऊ नका.