कण तोच, मग प्रकाश लवकर कसा देतो?

प्रश्न : सर, मी चोपड्याला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी वाचताना कळलं की क्वांटम डॉट, म्हणजे प्रकाश देणारा अर्धवाहकाचा अतिसूक्ष्म कण, छोट्याशा ऑप्टिकल कॅव्हिटीत, म्हणजे प्रकाश कोंडून ठेवणाऱ्या जागेत, ठेवला की जास्त वेगाने प्रकाश देतो. पण कॅव्हिटी म्हणजे आरसेच ना, बॅटरीतल्या चकचकीत वाटीसारखे? ते प्रकाश गोळा करतील, कणाचा प्रकाश देण्याचा वेग कसा काय वाढवतील?

उत्तर : खूप चांगलं विचारलंस, बरेच जण इथंच अडकतात. आपल्याला वाटतं प्रकाश कधी सोडायचा हे कणाच्या एकट्याच्या हातात असतं, पण तसं नाहीये. तुमच्याकडं केळीचा घड तयार झाला तरी बांधावर गाडी लागल्याशिवाय कापणी होते का? नाही ना, आणि दोन गाड्या उभ्या असल्या तर मळा भराभर मोकळा होतो. कणाचंही तसंच, त्याच्या रंगाच्या प्रकाशाला बाहेर जायला जितक्या वाटा तितका तो लवकर रिकामा होतो, आणि या वाटा कमी-जास्त करायचं काम कॅव्हिटी करते.

हे भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्येच मांडलं, तेही रेडिओ लहरींसाठी. प्रकाश कॅव्हिटीत जितका जास्त वेळ टिकेल आणि जागा जितकी लहान, तितका प्रकाश देण्याचा वेग जास्त. डॉट असतो २ ते १० नॅनोमीटरचा आणि लाल प्रकाशाची तरंगलांबी साधारण ६५० नॅनोमीटर, म्हणून कॅव्हिटीही नॅनोच्या मापात घडवावी लागते आणि तिचा सूर डॉटच्या रंगाशी जुळवावा लागतो, नाहीतर उपयोग शून्य. सोन्याच्या दोन पृष्ठभागांमधली फटही कॅव्हिटीचं काम करते; तिच्यात प्रकाश फार टिकत नाही, पण जागाच इतकी कमी की वेग तरीही खूप वाढतो. फक्त डॉट सोन्याला अगदी चिकटला तर ऊर्जा उष्णतेत जाते, तिथं जपावं लागतं.

उलटंही होतं बरं का! १९८५ मध्ये अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात सीझियम धातूचे अणू दोन धातूच्या पट्ट्यांमधून सोडले, पट्ट्यांमधलं अंतर तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी पडलं आणि अणूंचं उत्सर्जन जवळपास थांबलंच. गाडीच नाही तर माल जाणार कुठं. मला स्वतःला हा प्रयोग सगळ्यात आवडतो.

सेमिनारमध्ये कोणी तुझीच शंका विचारली तर डॉटचा प्रकाश विझायला लागणारा वेळ दाखव. नुसतं गोळा करणं असतं तर उजेड वाढला असता पण हा वेळ तोच राहिला असता, कॅव्हिटीत मात्र तो वेळच कमी होतो.