नकाशावर क्लिक आणि जमिनीची उंची : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सीझियम (ब्राउझरमध्ये त्रिमितीय पृथ्वी दाखवणारी लायब्ररी) वापरून त्रिमितीय नकाशा केलाय. सिंहगडावर कुठेही क्लिक केलं तरी उंची शून्य येते, कधी तर −०.०००००००१ असं काहीतरी. डोंगर तर समोर दिसतोय! (विद्यार्थी, पुणे)

तुम्ही पिकएलिप्सॉइड हे फंक्शन वापरलं असणार. कॅमेऱ्यातून माउसच्या टोकाकडे जाणारी रेषा पृथ्वीच्या गुळगुळीत लंबगोलाला (डोंगरदऱ्या नसलेल्या गणिती आकाराला) कुठे टेकते, एवढंच ते सांगतं. त्या लंबगोलावरची उंची व्याख्येनेच शून्य. शेवटचा तो बारीक अंक म्हणजे आकडेमोडीतला कचरा. डोंगर त्याच्या गावीही नसतो.

शून्य निदान डोळ्यांत भरतं. अक्षांश-रेखांशातली चूक मात्र लपून राहते, आणि मला जास्त काळजी तिची वाटते. नकाशा तिरका असेल तर ती रेषा गडाच्या पोटातून आरपार जाऊन पलीकडे टेकते. ४५ अंशांचा कल आणि हजार मीटरांहून उंच गड, म्हणजे तुमचा बिंदू किलोमीटरहून जास्त सरकला.

उपाय असा : गेटपिकरे ने किरण (तीच कॅमेऱ्यातून निघणारी रेषा) काढा आणि तो ग्लोबच्या पिक ला द्या. पण हे उत्तर त्या क्षणी पडद्यावर असलेल्या, जमिनीचा आकार दाखवणाऱ्या जाळीचं असतं. झूम आउट केल्यावर जाळी ओबडधोबड होते आणि त्याच जागेचा आकडा बदलतो. डेटाबेसमध्ये साठवायचा आकडा सॅम्पलटेरेनमोस्टडिटेल्ड कडून घ्या. त्याचं उत्तर सर्व्हरकडून मागाहून येतं, म्हणून अवेट (उत्तर येईपर्यंत थांबायची सूचना) विसरू नका. विसरलात की हातात काहीच नाही, आणि मग लोक डेटाला नावं ठेवतात.

प्रश्न : लीफलेट या वेब-नकाशांच्या लायब्ररीत केलेल्या नकाशावर कळसूबाईला क्लिक करून उंची सांगणाऱ्या सेवेला विचारलं, तर उत्तर ‘माहिती नाही’. मुंबई, नाशिक, सगळीकडे तेच.

अक्षांश आणि रेखांश उलटे गेलेत. लीफलेट आधी अक्षांश देतं, अशा सेवांना जागा कळवायच्या जिओजेसन या मांडणीत आधी रेखांश लागतो. कळसूबाई १९.६० उत्तर, ७३.७१ पूर्व. उलट केलं की तुम्ही नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या खाली समुद्रात! बऱ्याच सेवांचा आधार असलेली एसआरटीएम ही रडारने मोजलेल्या उंचीची माहिती ६० अंश उत्तरेपर्यंतच आहे, तेव्हा ती बिचारी तरी काय सांगणार.

प्रश्न : इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून कार्टोडेम हा उंचीचा डेटा उतरवून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. अलिबागच्या आमच्या वाडीवर क्लिक केलं तर उणे साठच्या पुढे! वाडी समुद्राखाली आहे का?

वाडी जागेवर आहे. उंची कशापासून मोजली, हा प्रश्न आहे.

आपण बोलतो ती समुद्रसपाटीपासूनची उंची. ती सपाटी म्हणजे जिओइड, गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वरखाली होणारा पृष्ठभाग. उपग्रहांचं गणित मात्र डब्ल्यूजीएस८४ या लंबगोलावर चालतं. जगात जिओइड सर्वांत खोल गेलाय तो श्रीलंकेच्या दक्षिणेला, लंबगोलाच्या जवळपास १०६ मीटर खाली. त्या खड्ड्याचा उतार आपल्यापर्यंत येतो, त्यामुळे कोकण किनाऱ्यावर समुद्रच लंबगोलाच्या साठेक मीटर खाली आहे. कार्टोडेम लंबगोलापासून मोजतं. एसआरटीएम ईजीएम९६ या जिओइडच्या गणिती नमुन्यापासून आणि कोपर्निकस हा युरोपचा उंचीचा डेटा ईजीएम२००८ या नमुन्यापासून; या दोघांतला फरक सहसा मीटरभराच्या आत.

मात्र सरसकट साठ मिळवू नका, फरक जागेनुसार बदलतो. त्या बिंदूवरची जिओइडची लंबगोलापासूनची उंची ग्रिडमधून (चौकोनाचौकोनाने मांडलेल्या आकड्यांमधून) काढा आणि ती डेटातल्या उंचीतून वजा करा. ती उणे असल्याने उत्तर वाढतं, म्हणजेच बरोबर येतं. प्रोज लायब्ररी हे काम करते. सीझियमचा वर्ल्ड टेरेन हा जमिनीचा डेटाही लंबगोलापासूनच मोजतं, हे पुण्याच्या विद्यार्थ्यानेही लिहून ठेवावं. अँड्रॉइडची मूळ जीपीएस उंची लंबगोलाची, आयफोनची समुद्रसपाटीची. ट्रेकला दोघांचे आकडे जुळत नाहीत त्याचं मोठं कारण हेच.

प्रश्न : हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर माउस जरासा हलला की उंची कुठच्या कुठे जाते. आणि कळसूबाई १६४६ मीटर का दाखवत नाही?

मोफत मिळणाऱ्या उंचीच्या ग्रिडचा एक चौकोन साधारण ३० मीटरांचा. कडा जवळपास उभा, म्हणजे एका चौकोनात माथा, शेजारच्यात बरंच खालचं. मधला आकडा सॉफ्टवेअर सरासरीने काढतं, आणि कड्याचा तीव्र उतार होतो. त्या उतारावर क्लिक करून मिळालेल्या उंचीवर प्रत्यक्षात हवा असते. शिखराचंही तेच : टोक लहान, चौकोन मोठा, म्हणून माथा कापला जातो. शिखरांच्या सर्वेक्षणातल्या उंचीचा वेगळा थर ठेवा. क्लिक शिखराजवळ पडलं की तो आकडा दाखवा, इतरत्र ग्रिडचा.

प्रश्न : मॅपबॉक्स या नकाशासेवेच्या रंगीत टाइल्समधून (नकाशाचे चौकोनी तुकडे, ज्यांच्या रंगांत उंची साठवलेली असते) उंची काढतो. डोंगरउतारावर ठरावीक अंतराने पट्टे येतात, तिथे आकडा दहा-बारा मीटर चुकतो.

सूत्र तुम्हाला माहीतच असेल : उंची = −१०००० + (लाल × ६५५३६ + हिरवा × २५६ + निळा) × ०.१. कळसूबाईचे १६४६ मीटर म्हणजे लाल १, हिरवा १९८, निळा २३६. निळा २५५ वर गेला की शून्यावर येतो आणि हिरवा एकाने वाढतो, म्हणजे दर २५.६ मीटरला.

तुमच्या कॅनव्हासने (ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या जागेने) टाइल लहानमोठी करताना रंग मिसळले. (हिरवा १९८, निळा २५५) आणि (हिरवा १९९, निळा ०) यांची सरासरी धरली तर निळा १२७ च्या आसपास येतो, हिरवा अर्धा राहू शकत नाही म्हणून इकडे किंवा तिकडे पडतो. चूक झाली १२.८ मीटरांची. सह्याद्रीत लाल सगळीकडे १ असल्याने थोडक्यात निभावलं. हिमालयात ३१०७ मीटरांवर तो २ होतो आणि तिथे चूक तीन हजारांच्या घरात जाते. कॅनव्हासचं स्मूदिंग (रंग मिसळणं) बंद करा, आधी आकडा काढा, मग सरासरी. आणि या टाइल्स जेपेग करून साठवू नका, त्यातही रंग बदलतात.

प्रश्न : दशांशानंतर किती अंक दाखवावेत?

एकही नाही. एसआरटीएमची ठरवलेली मर्यादाच १६ मीटरांची, तीही दहातल्या नऊ वेळा पाळायची. शिवाय रडार झाडांच्या शेंड्यांवरून आणि इमारतींवरूनही परततं, त्यामुळे मुंबईसारख्या दाटीत ‘जमीन’ फुगते. ‘सुमारे १२४३ मी., समुद्रसपाटीपासून, कोपर्निकस’ असं लिहा. जागा कमी पडली तर ‘कोपर्निकस’ गाळा, ‘समुद्रसपाटीपासून’ नको.