स्कॅफोल्ड करायला घेतोयस? आधी एवढंच सांभाळ

स्कॅफोल्ड म्हणजे हाड भरून यावं म्हणून केलेला सच्छिद्र सांगाडा. तू पीसीएल (शरीरात हळूहळू विघटन होणारं पॉलिमर) आणि हायड्रॉक्सीअपेटाइट (हाडातल्या खनिजासारखं सिरॅमिक) यांपासून सुरुवात करतोयस, निवड चांगली आहे. पीसीएल साधारण ६० अंशांना वितळतं, हाताळायला सोपं. ग्रोथ फॅक्टर, औषध भरणं, ग्राफीन वगैरे सध्या बाजूलाच ठेव.

नवखे बहुतेक एकच समजून चालतात: सिरॅमिक जास्त घातलं की हाड चांगलं भरेल. फार वाढवलंस तर स्कॅफोल्ड ठिसूळ होतो. शिवाय नॅनो पावडरच्या पिठल्यासारख्या गुठळ्या झाल्या तर तडा तिथूनच जातो. वजनाच्या १० ते २० टक्क्यांपासून सुरू कर. पावडर आधी सॉल्व्हंटमध्ये सोनिकेट कर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोड), पॉलिमर नंतर.

बाकी तीन गोष्टी:

- छिद्रं १०० मायक्रॉनपेक्षा लहान नकोत. रक्तवाहिन्या शिरायला ३०० च्या आसपास बरी. ती एकमेकांना जोडलेलीही हवीत, नुसता सच्छिद्रतेचा टक्का मोजून भागत नाही. आणि ९० टक्के सच्छिद्रतेच्या मागे लागू नकोस, ताकद पार जाते.
- निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह (दाबाखालची गरम वाफ) अजिबात नको. १२१ अंशांना फक्त चिकट थारोळं उरेल. सुरुवातीच्या पेशी-चाचण्यांना ७० टक्के इथेनॉल आणि यूव्ही चालतं.
- सॉल्व्हंट म्हणून वापरलेला क्लोरोफॉर्म व्हॅक्यूममध्ये पूर्ण काढ. नाहीतर पेशी कशाने मेल्या ते कळायचं नाही.

दाबाची चाचणी ओल्या नमुन्यावर, ३७ अंशांना घे. कोरड्यावर आकडे देखणे येतात, पण गाइडने विचारलं की पंचाईत! आणि प्रत्येक चाचणीत तुलनेला नुसत्या पीसीएलचा नमुना शेजारी असू दे.