शांत आहे म्हणून

*ताई, माझी मुलगी तिसरीत आहे. तिच्या वर्गातला एक मुलगा वह्या फाडतो, केस ओढतो. गोंगाट वाढला की बाकाखाली जाऊन बसतो आणि कुणी बाहेर ओढलं की चावतो. त्याला शाळेतून काढा असा अर्ज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. मी सही केलेली नाही, कारण तो मुद्दाम करत नाही हे मला कळतं. पण लेकीला कळत नाही. बाईंनी त्याला जूनपासून तिच्याच शेजारी बसवलंय, ती शांत आहे म्हणून. आधी ती त्याला डब्यातलंसुद्धा द्यायची. दिवाळीनंतर एकदा म्हणाली, “तो मेला तरी चालेल.” मी हादरलेच. गोष्टी सांगून झाल्या, समजावून झालं. तिच्या मनात सहानुभूती कशी रुजवू?*
*– एक आई, नाशिक*

अहो, “ती शांत आहे म्हणून” हे तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि पुढे गेलात. मी तिथेच अडकले.

आठ वर्षांच्या पोरीला जूनपासून ड्युटी लावलीय, आणि तुम्ही विचारताय की ती वैतागली का! त्याची वही शोधून द्यायची, तो उठला की “बस ना रे” म्हणायचं, त्याने केस ओढले तरी ओरडायचं नाही, कारण शांत राहते म्हणून तर तिची तिथे नेमणूक झाली. एखाद्या मोठ्या माणसाला हे काम दिलं असतं तर त्याने गणपतीच्या आधीच बदली मागितली असती.

दांडग्या मुलाशेजारी शहाणी मुलगी बसवायची, ही आपल्या वर्गांमधली जुनी युक्ती. बाईंचा नाइलाज असेल, वर्ग भरलेला असेल, सगळं मान्य. पण दरवेळी मुलगीच का हो सापडते? (याच मुली पुढे घरातल्या तापट माणसांना सांभाळून घेतात, आणि आपण त्यांना ‘समंजस’ म्हणतो.)

सहानुभूती तिच्याकडे होती. कुणी न सांगता ती डबा पुढे करत होती, आणखी काय हवं? ती सहा महिन्यांत खर्च झाली. त्यात घरी आल्यावर तुमच्या गोष्टी. त्यांतून तिला एवढंच समजलं असणार की आपल्याला लागलं तरी आईला त्याचंच वाईट वाटतं. “मेला तरी चालेल” या वाक्याला घाबरू नका. “मला तिथून उठवा” असं सरळ म्हटलं तर आपण वाईट ठरू, हे तिला तुम्हीच शिकवलंय.

तेव्हा आता काही रुजवू नका. तिची जागा बदलून घ्या.

बाई म्हणतील, “पण तो तिचंच ऐकतो हो.” ऐकत असेल. तरी त्याला सांभाळणं हे तिचं काम नाही. बाक दर आठवड्याला पुढेमागे सरकवा म्हणावं, म्हणजे शेजार सगळ्यांच्याच वाट्याला येईल. आणि त्या मुलाचंही यात काही भलं झालेलं नाही. गोंगाट वाढला की जो बाकाखाली जातो, त्याला काय सोसत नाही हे जाणत्या माणसाने बघायला हवं. त्याला काय झालंय हे मी पत्रावरून सांगणार नाही, तुम्हीही ठरवू नका, ग्रुपने तर अजिबातच नको. विशेष शिक्षक किंवा समुपदेशक शाळेने आणायचा. ती पोर शेजारी बसून सगळं निभावते आहे तोवर शाळेला त्याची घाई कशाला वाटेल?

अर्जावर सही केली नाहीत हे ठीक. पण गप्प राहू नका. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६ : आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. हे ग्रुपवर टाका आणि वाद घालत बसू नका.

जागा बदलली की लेकीला एवढंच सांगा : “तुला लागत होतं, आणि मी तुलाच समजावत बसले.” त्यावर काही बोलली नाही तर नाही. नंतर कधीतरी भाजी निवडताना सहज विचारा, “तो बाकाखाली जातो ना, त्याच्या जरा आधी वर्गात काय चाललेलं असतं गं?” तिला माहीत असणार. इतके महिने हाताच्या अंतरावर दुसरं कोण बसलं होतं? ती जे सांगेल ते तुम्ही बाईंच्या कानावर घाला. निरोप्याचं काम तिला देऊ नका.

सोमवारी शाळा भरायच्या आधी जा, मधल्या सुट्टीत बाईंना श्वास घ्यायला वेळ नसतो. आणि जाताना लेकीला बरोबर नेऊ नका.