'फॅन्डम'ला रसिकवर्ग म्हणावं का?

कोथरूडहून एका वाचक बाईंनी विचारलंय. त्यांच्या नववीतल्या मुलीने शाळेच्या हस्तलिखितासाठी बीटीएस या कोरियन बँडवर लेख लिहिला. त्यात एक वाक्य होतं, 'मी सातवीपासून या फॅन्डममध्ये आहे.' (फॅन्डम म्हणजे एखाद्याच्या फॅन्सचा सगळा गोतावळा.) मराठीच्या शिक्षिकांनी 'फॅन्डममध्ये' खोडून 'रसिकवर्गात' केलं. मुलगी म्हणते, हे माझं वाक्यच नाही. आईचा प्रश्न असा की याला मराठीत नेमका शब्द कोणता, आणि नसेल तर 'फॅन्डम' चालेल का?

चालेल. 'रसिकवर्ग' मात्र इथे चालणार नाही. मुलीचा कान बरोबर आहे.

'रसिक' हा शब्द आपण कलेला जोडतो, माणसाला नाही. नाट्यरसिक असतात, संगीतरसिक असतात. 'भीमसेनांचा रसिक' असं कुणी म्हणत नाही. भीमसेनांचा चाहता असतो, फार तर भक्त असतो. 'दर्दी' त्याच्याही पुढचा. तो गाण्याचा नसतो, गाण्यातला असतो. 'चा' जाऊन 'तला' आला की नुसती आवड उरत नाही, जाण येते. 'शौकीन' पुन्हा 'चा'वर: खाण्याचा, अत्तराचा, गाण्याचा. आणि 'वेडा' समासातच शोभतो. नाटकवेडा, क्रिकेटवेडा म्हटलं तर कौतुक; समास मोडून नुसतं 'वेडा' म्हणून बघा. आवडीच्या इतक्या छटा मराठीत आहेत आणि प्रत्येकीची बसायची जागा ठरलेली आहे. नववीतली मुलगी एका बँडबद्दल, म्हणजे सात माणसांबद्दल बोलतेय. तिथे 'रसिक' व्याकरणातच अडखळतो.

पण खरी अडचण 'वर्ग'ची आहे. रसिकवर्ग, चाहतावर्ग, प्रेक्षकवर्ग हे सगळे शब्द मंचावरून खाली बघताना सुचलेले आहेत. आयोजक म्हणतो, 'रसिकवर्गाने उदंड प्रतिसाद दिला.' बातमीदार लिहितो, 'त्यांचा मोठा चाहतावर्ग आहे.' मोजणारा एक, मोजले जाणारे दुसरेच. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून पुण्यात होतोय. निवेदक 'रसिकहो' म्हणतात ते कानाला गोडच लागतं. पण भारतीय बैठकीत सतरंजीवर जागा धरून, थर्मास मांडीशी घेऊन बसलेला गृहस्थ शेजाऱ्याला 'मीही रसिकवर्गातलाच बरं का' म्हणाला, तर शेजारी जरा सरकूनच बसेल. स्वतःबद्दल बोलायचा हा शब्दच नव्हे.

'फॅन्डम' उलटा आहे. तो आत बसलेल्यांचा शब्द आहे. 'आमचं फॅन्डम' म्हणतात (बहुधा नपुंसकलिंगीच कानावर येतं). त्यातला 'डम' हा 'किंगडम'मधलाच. अवस्था, प्रांत, गोतावळा, सगळं त्यात येतं. मराठीत त्याच्या जवळपास जाईल तो 'की' प्रत्यय: पाटीलकी, भाऊबंदकी. भाऊबंदकी तर मला विशेष चपखल वाटते, कारण नातंही तेच आणि भांडणही तेच; दोन बँडांच्या फॅन्सची रात्रीबेरात्री जुंपते ती ज्यांनी वाचली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून उद्यापासून 'चाहतकी' म्हणा असं मी सुचवत नाही. बनवलेले शब्द रुजत नाहीत असं नाही, पण गरज आधी लागते.

शिवाय फॅन्डममध्ये नुसतं आवडून भागत नाही, काहीतरी करावं लागतं. बीटीएस २०१३ साली आले आणि त्याच वर्षी त्यांच्या फॅन्डमला 'आर्मी' हे नाव मिळालं. गाण्याच्या ठरलेल्या जागी सातही जणांची नावं ठरलेल्या क्रमाने ओरडायची, याला ती मंडळी 'फॅन चँट' म्हणतात आणि ते चक्क पाठ करतात. पुणेकराने यावर नाक मुरडू नये. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, आणि भरत नाट्य मंदिरात एकांकिकेचा पडदा उघडायच्या आधी 'अरे, आवाज कुणाऽचा!' ही आरोळी उठते, मागून कॉलेजचं नाव येतं, ते काय वेगळं आहे? तिथे बाल्कनीत घसा फोडणाऱ्या पोरांना 'रसिकवर्ग' म्हणून बघा.

करण्याचा दुसरा प्रकार लिहिण्याचा. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ साली स्वतःचा अंक काढला, त्यात मालिकेतल्या पात्रांवर त्यांनी स्वतः लिहिलेला मजकूर होता. आज असं लेखन 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या चाहत्यांनीच चालवलेल्या संग्रहात साठतं, आणि त्या संग्रहाला २०१९ साली विज्ञानकथेच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. 'चाहणे' या धातूत हे काही बसत नाही. चाहता चाहतो, कथा लिहीत नाही, भाषांतर करून उपशीर्षकं देत नाही.

आता 'फॅन'. बहुतेक कोश त्याचं मूळ 'फॅनॅटिक'मध्ये दाखवतात, आणि तो लॅटिन 'फानुम' म्हणजे देवळावरून आलेला. देवाचा वारा अंगात आलेला, असा काहीसा मूळ अर्थ. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बेसबॉलच्या वेड्यांना तो आखूड करून लावला गेला. वंशावळ बघितली तर आपला 'भक्त' सर्वांत जवळचा. पण गेल्या दहा-बारा वर्षांत या शब्दाचं राजकारणात जे झालं, त्यानंतर 'मी अमक्या गायकाचा भक्त' म्हणताना माणूस आधी समोरच्याचा चेहरा बघतो. 'कट्टर' मात्र अजून दोन्हीकडे चालतो. 'कट्टर फॅन' हे जोडकाम झकास जमलंय. त्याहून कट्टर तो 'स्टॅन'. हा अमेरिकी रॅपर एमिनेमच्या २००० सालच्या गाण्यातल्या झपाटलेल्या चाहत्याच्या नावावरून आला. आपल्याकडची मुलं त्याला 'करणे' लावून मोकळी होतात: 'मी त्याला स्टॅन करते.'

समूहासाठी मराठीत आतून वापरला जाणारा शब्द नाहीच का? दोन आहेत, पण दोन्ही गैरसोयीचे. पहिला 'कंपू'. युरोपीय भाषांतल्या छावणीच्या शब्दावरून तो आला. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीकडून ज्या कवायती पलटणी उभ्या करवल्या, त्यांना मराठे कंपूच म्हणत. (शिंद्यांची छत्री वानवडीला आहे, वाट वाकडी करून बघावी.) म्हणजे 'आर्मी'ला इतका ऐतिहासिक प्रतिशब्द दुसरा सापडणार नाही. पण मराठी आंतरजालावर 'कंपूबाजी' हा आरोप झालाय, त्यामुळे आपल्या टोळक्याला 'आमचा कंपू' फक्त थट्टेत म्हणतात.

दुसरा पुण्याच्या चौकाचौकांत फ्लेक्सवर लटकलेला असतो: 'मित्रपरिवार'. वर गॉगल लावलेले भाऊ, खाली तीस-चाळीस पासपोर्ट आकाराचे चेहरे आणि 'शुभेच्छुक: अमुकभाऊ मित्रपरिवार'. गंमत सोडा, पण हा शब्द नेमकं तेच काम करतो. स्वतः होऊन जमलेले लोक, एका माणसाभोवती, नाव लावून मिरवणारे, वाढदिवसाला फलक उभारणारे. कोरियन गायकांच्या वाढदिवसाला त्यांचे फॅन्ससुद्धा जाहिरातीचे फलक लावतात. तरी 'बीटीएस मित्रपरिवार' मुलीने लिहिलं असतं तर शिक्षिकांनी दोनदा खोडलं असतं.

राहिला 'पंखा'. मराठी संकेतस्थळांवर 'मी तुमचा पंखा झालो' हे इतकी वर्षं चाललंय की त्यातला विनोद आता जाणवतही नाही. शब्दशः भाषांतर मुद्दाम चुकवून केलेली ही गंमत. औपचारिक लेखात नको, पत्रात खुशाल. बायका 'मी तुमची पंखा' लिहितात आणि पुल्लिंगी नामाला स्त्रीलिंगी सर्वनाम लागतं, तरी कुणाला खटकत नाही.

'पंख्या'ला विभक्ती सरळ लागते: पंख्यांनी, पंख्यांना. 'फॅन'चं तसं नाही. जुने इंग्रजी शब्द आपण पूर्ण मराठीसारखे चालवले: डॉक्टरांना, मास्तरांना. नवे शब्द इंग्रजी अनेकवचनासकट येतात आणि त्यावर प्रत्यय बसतो: फॅन्सना, युजर्सना, फॉलोअर्सना. 'फॅनांना' बरोबर असूनही कुणी म्हणत नाही, तेव्हा मुलीने 'बीटीएसच्या फॅन्सना' असं लिहावं. 'फॅन्सांना' मात्र नको, त्यात अनेकवचन दोनदा होतं. आणि 'फॅन्डममध्ये' जसं होतं तसं परत लिहावं, अवतरणचिन्हाशिवाय.